प्रॉक्सीमागे लिनक्सचे अपडेट अडकलेत? अपवाद नेमका कुठे टाकायचा ते आधी ठरवा

ऑफिसच्या नेटवर्कवर प्रॉक्सी आहे, म्हणजे तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये बसलेला सर्व्हर. ब्राउझर मस्त चालतोय, व्हिडिओसुद्धा बघता येतात, पण सुडो एपीटी अपडेट (डेबियन-उबंटूची अपडेटची कमांड) मारलं की एकतर शून्य टक्क्यावर बसून राहतं नाहीतर ४०३, ४०७ असलं काहीतरी तोंडावर फेकतं. मग बहुतेक जण काय करतात, तर कुठूनतरी सापडलेल्या पाच-सहा ओळी चार वेगवेगळ्या फायलींत टाकतात, त्यातली एखादी लागू पडते, कुठली ते कळत नाही, आणि पुढे कधीतरी प्रॉक्सीचा पत्ता किंवा पासवर्ड बदलला की त्या चारही फायली शोधत बसायची वेळ येते.

सगळा गोंधळ एका गोष्टीमुळे होतो. प्रॉक्सीचा अपवाद हा एक प्रकार नाहीये, दोन आहेत, आणि ते दोन वेगळ्या मशीनवर असतात. पहिला तुमच्या मशीनवर, की या पत्त्यासाठी प्रॉक्सीकडे जाऊच नको, थेट जा. दुसरा प्रॉक्सी सर्व्हरवर, की या पत्त्यासाठी लॉगिन मागू नको, अडवू नको, आतलं उघडून बघू नको. पहिला लावायचा तिथे दुसरा, दुसरा हवा तिथे पहिला, असं करत लोक अख्खा दिवस घालवतात. म्हणून फायलींना हात लावायच्या आधी कोण नाही म्हणतंय ते शोधायचं, मग कुठला प्रोग्रॅम कुठलं सेटिंग वाचतो ते बघायचं, आणि मगच ओळ टाकायची.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो: कमांड, फायलींची नावं आणि आकडे मी इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे, आणि जिथे कॅपिटल लागतं तिथे मी वेगळं सांगेन.

आधी एरर नीट वाचा

एरर न वाचताच कॉपी करून सर्च करायची सवय असते, पण प्रॉक्सीच्या बाबतीत एररच अर्धं उत्तर असतं.

४०७ आलं म्हणजे प्रॉक्सीपर्यंत तुम्ही पोचलात, त्याला फक्त युजरनेम-पासवर्ड हवाय. ४०३ आलं तर पोचलात, ओळखही पटली असेल किंवा लागतच नसेल, पण हा पत्ता त्याच्या नियमात बसत नाही. मात्र ४०३ कधीकधी प्रॉक्सीकडून नाही तर पलीकडच्या मिररकडून (पॅकेजच्या फायली ठेवणाऱ्या सर्व्हरकडून) पण येऊ शकतं, तो फरक पुढे कर्ल या कमांडने काढू. ५०२, ५०३, ५०४ म्हणजे प्रॉक्सी तयार आहे पण त्यालाच पुढे जाता येत नाहीये, तिथे तुमच्या मशीनवर काहीही बदलून उपयोग नाही.

कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे प्रॉक्सीच्या मशीनवर त्या पोर्टला कोणी ऐकत नाहीये, बहुतेक पोर्ट चुकला. स्क्विड हा प्रॉक्सीचा प्रोग्रॅम ३१२८ वर असतो, एपीटी-कॅशर-एनजी हा पॅकेज साठवून ठेवणारा प्रॉक्सी ३१४२ वर, पण अॅडमिन लोक ८०८० पण ठेवतात, तेव्हा विचारून घ्या. 'कुड नॉट रिझॉल्व्ह' आलं तर त्यापुढे कुठलं नाव आहे ते बघा. प्रॉक्सीचं नाव असेल तर तुमच्या डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी शोधणाऱ्या सर्व्हरला, प्रॉक्सीच माहीत नाही. मिररचं नाव असेल तर गंमत आहे: प्रॉक्सीमधून जाताना मिररचं नाव शोधायचं काम प्रॉक्सी करतो, तुमचं मशीन करतच नाही. म्हणजे तुमचं मशीन ते नाव शोधायला गेलं याचा अर्थच हा की ते प्रॉक्सीकडे न जाता थेट जायचा प्रयत्न करतंय, सेटिंग लागूच झालेलं नाही.

आणि एपीटीची एक एरर खूप लोकांना चकवते, क्लिअरसाइन्ड फाईल बरोबर नाही, 'नोडेटा' मिळालं, नेटवर्कला लॉगिन लागतं का, अशा अर्थाची. ती वाचून लोक जीपीजीच्या (सही तपासणाऱ्या) किल्ल्या नव्याने टाकत बसतात. किल्लीचा काही संबंध नसतो. एपीटीने इनरिलीज नावाची फाईल मागितली आणि मधल्या कोणीतरी २०० ओके म्हणत आपलं एचटीएमएलचं लॉगिन पान किंवा 'ही साइट बंद आहे' वालं पान हातात दिलं, एवढंच झालेलं असतं.

ब्राउझर चालतो मग एपीटी का नाही

कारण ब्राउझर बऱ्याचदा पॅक फाईल वाचतो, म्हणजे नेटवर्कवर ठेवलेली एक जावास्क्रिप्टची फाईल, जी प्रत्येक पत्त्यासाठी सांगते की अमुक प्रॉक्सीने जा किंवा डायरेक्ट जा. एपीटी, डीएनएफ (फेडोराचा), पॅकमन (आर्चचा) हे पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणारे प्रोग्रॅम, यातलं कोणीही पॅक वाचत नाही. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये भरलेला प्रॉक्सी पण तसाच, तो डेस्कटॉपच्या अॅप्ससाठी असतो, सुडोने चालणाऱ्या कमांडला त्याचा पत्ता नसतो.

पण पॅक फाईल तुमच्या कामाची आहे. तिचा पत्ता ब्राउझरच्या सेटिंगमधून उचला, कर्लने डाउनलोड करा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. त्यात प्रॉक्सीचं खरं नाव आणि पोर्ट मिळतो, आणि कुठले पत्ते डायरेक्ट जातात त्याची यादी पण, म्हणजे नेटवर्कवाल्यांनीच तयार करून ठेवलेली अपवादांची यादी तुम्हाला आयती मिळते.

कर्लने खात्री करा, पॅकेज मॅनेजर नंतर

पॅकेज मॅनेजरमध्ये खूप गोष्टी एकदम होतात, म्हणून आधी एकच फाईल मागून बघायची. डेबियन असेल तर ही:

कर्ल -व्ही -आय -एक्स एचटीटीपी://प्रॉक्सी.ऑफिस.लॅन:३१२८ एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन/डिस्ट्स/स्टेबल/इनरिलीज

यातल्या -आयचा आय आणि इनरिलीजमधले आय आणि आर कॅपिटल, बाकी सगळं लहान. (प्रॉक्सी.ऑफिस.लॅन हे मी धरून चाललेलं नाव आहे, तिथे तुमचं टाका.) मग तीच कमांड पत्त्यात एचटीटीपीएस लिहून परत चालवा, कारण दोन्हींचा रस्ता वेगळा आहे. साध्या एचटीटीपीला प्रॉक्सी स्वतः फाईल आणून देतो. एचटीटीपीएसला तुम्ही आधी कनेक्ट म्हणून बोगदा मागता आणि तो मिळाल्यावर त्यातून पलीकडे बोलता. एक चालतं आणि दुसरं नाही असं सर्रास होतं.

आउटपुटमध्ये ४०३ दिसला तर त्याच्या आजूबाजूच्या हेडर बघा. एक्स-स्क्विड-एरर नावाची हेडर असेल तर नकार प्रॉक्सीचा. एचटीटीपीएसच्या वेळी कनेक्टनंतर लगेच ४०३ किंवा ४०७ आला तरी तो प्रॉक्सीचाच, कारण बोगदाच तयार झाला नाही तर मिररचं बोलणं तुमच्यापर्यंत येणार कुठून.

तिसरी चाचणी प्रॉक्सी टाळून, -एक्सच्या जागी --नोप्रॉक्सी आणि सिंगल कोटमध्ये एक तारा. ही चालली तर थेट रस्ता उघडा आहे आणि तुमच्याकडचा अपवाद उपयोगी पडेल. ही नुसती लटकून राहिली तर फायरवॉल थेट जाऊ देत नाहीये, मग नो_प्रॉक्सीमध्ये (प्रॉक्सी टाळून थेट जायच्या पत्त्यांची यादी) काहीही लिहा, अपडेट येणार नाही, उलट आत्ता जे चालतंय ते पण बंद पडेल. हे इतकं सरळ आहे तरी लोक डेबियन आणि उबंटूचे पत्ते नो_प्रॉक्सीमध्ये टाकतात आणि मग अपडेट टाइमआउट होतं म्हणून परत शोधाशोध सुरू. नो_प्रॉक्सी म्हणजे परवानगी नाही, गेटवरच्या वॉचमनला न विचारता भिंतीकडे चालत जाणं आहे, भिंतीत दार असेल तरच पलीकडे जाल.

कोण कुठलं सेटिंग वाचतं

इथे जरा वेळ द्या, निम्मे प्रॉब्लेम इथेच आहेत.

टर्मिनलमध्ये एनव्ही | ग्रेप -आय प्रॉक्सी चालवा. मग सुडो एनव्ही | ग्रेप -आय प्रॉक्सी चालवा. पहिल्यात ओळी दिसल्या आणि दुसऱ्यात काहीच नाही, तर कारण सापडलं, सुडो सुरक्षेसाठी तुमचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (शेलमधून प्रोग्रॅमला मिळणारी सेटिंग) टाकून देतो. तात्पुरतं सुडो -ई, कॅपिटल ई, वापरून बघता येतं. कायमचं करायचं तर व्हिसुडोने सुडोअर्स फाईल उघडून एनव्ही_कीपच्या ओळीत एचटीटीपी_प्रॉक्सी, एचटीटीपीएस_प्रॉक्सी, नो_प्रॉक्सी ही नावं घालायची. डेबियन-उबंटूच्या नव्या आवृत्त्यांत अशी ओळ आधीच लिहून कॉमेंट करून ठेवलेली असते, पुढचा हॅश काढला की झालं.

व्हेरिएबलची नावं लहान अक्षरांतच ठेवा. एचटीटीपी_प्रॉक्सी हे कॅपिटलमध्ये लिहिलं तर कर्ल मुद्दाम वाचत नाही, कारण वेब सर्व्हरच्या सीजीआय प्रोग्रॅममध्ये बाहेरचा माणूस प्रॉक्सी नावाची हेडर पाठवून तेच व्हेरिएबल आपल्या मनासारखं भरू शकतो, २०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी नावाने ही भानगड गाजली होती. डब्ल्यूगेट पण लहान अक्षरांचीच बघतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एचटीटीपीएस_प्रॉक्सीच्या किमतीत, म्हणजे बरोबरच्या चिन्हापुढे, पण एचटीटीपीएस:// लिहिणं. नावातला एचटीटीपीएस हा तुम्ही कुठल्या पत्त्यावर जाताय त्याचा आहे, किमतीतला भाग हा तुम्ही प्रॉक्सीशी कसं बोलता त्याचा. बहुतेक प्रॉक्सी साध्या एचटीटीपीवर ऐकतात, त्यामुळे दोन्ही व्हेरिएबलमध्ये एचटीटीपी://च येतं. चुकलं की 'राँग व्हर्जन नंबर' अशी टीएलएसची विचित्र एरर येते जिच्याकडे बघून प्रॉक्सीचा संशयच येत नाही.

पासवर्डमध्ये अॅट, हॅश, कोलन, स्लॅश असेल तर तो तसाच लिहू नका, पत्ता तिथेच तुटतो. अॅटसाठी %४०, हॅशसाठी %२३, कोलनसाठी %३ए, स्लॅशसाठी %२एफ, आणि खुद्द टक्क्यासाठी %२५. हाच पत्ता सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युनिट फाईलमध्ये टाकणार असाल तर तिथे टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं, कारण सिस्टमडीसाठी एकट्या टक्क्याचा अर्थ वेगळा आहे. हे माहीत नसेल तर माणूस वेडा होतो, कारण टर्मिनलमध्ये तोच पासवर्ड चालतो आणि सर्व्हिसमध्ये ४०७.

/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट मध्ये लिहिणार असाल तर ती शेल स्क्रिप्ट नाही हे लक्षात ठेवा, तिथे डॉलर लावून दुसरं व्हेरिएबल वापरता येत नाही, आणि बदल पुन्हा लॉगिन केल्यावरच दिसतो.

माझं मत विचाराल तर पॅकेज मॅनेजरसाठी एन्व्हायर्नमेंटच्या भरवशावर राहूच नका. कोणी टर्मिनलमधून चालवलं, कोणी टायमरने चालवलं, कोणी एसएसएचवरून, प्रत्येक वेळी वातावरण वेगळं असतं. पॅकेज मॅनेजरच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये लिहा, ते कुठूनही चालवलं तरी लागू होतं.

एपीटी

/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/ या फोल्डरमध्ये ९५प्रॉक्सी नावाची फाईल करा:

अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://प्रॉक्सी.ऑफिस.लॅन:३१२८";
अक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी "एचटीटीपी://प्रॉक्सी.ऑफिस.लॅन:३१२८";
अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी::मिरर.ऑफिस.लॅन "डायरेक्ट";

तिसरी ओळ हा तुमच्या बाजूचा अपवाद. आतल्या मिररसाठी प्रॉक्सीकडे जाऊ नको. डायरेक्ट हा शब्द पूर्ण कॅपिटलमध्ये हवा, नाहीतर एपीटी त्याला प्रॉक्सीचा पत्ता समजतं. यजमानाचं (होस्टचं, इथे मिररचं) नाव सोर्सेसमध्ये, म्हणजे एपीटीच्या पत्त्यांच्या यादीत, जसं लिहिलंय अगदी तसंच हवं, तारा लावून अख्खं डोमेन इथे चालत नाही. मिरर एचटीटीपीएसवर असेल तर तशीच एक ओळ एचटीटीपीएस घालून. शेवटचा सेमीकोलन राहिला तर सिंटॅक्स एरर येते आणि त्यात फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, आणि कुठून कॉपी केलं असेल तर कोट वाकडे नाहीत ना ते बघा, ते दिसायला सारखेच दिसतात.

आता जुन्या सेटिंगचं भूत. इन्स्टॉल करताना प्रॉक्सी भरला असेल तर तो /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ मध्ये किंवा उबंटू सर्व्हरवर ९०कर्टिन-एपीटीप्रॉक्सी नावाच्या फाईलमध्ये पडून असू शकतो. फोल्डरमधल्या फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची जिंकते, पण एपीटी.कॉन्फ ही एकटी फाईल फोल्डरच्या नंतर वाचली जाते, म्हणजे तुम्ही ९५ काय ९९ नंबर दिला तरी तिच्यातली ओळ वरचढ. आणि बॅकअप म्हणून ९५प्रॉक्सी-ओल्ड असं नाव देऊन फाईल तिथेच ठेवली तर एपीटी ती पण वाचतं! शेवटी .बॅक लावलं तर वाचत नाही, कारण एक्स्टेन्शन नसलेल्या किंवा .कॉन्फ असलेल्याच फायली तो धरतो.

म्हणून फायली डोळ्यांनी वाचत बसण्यापेक्षा हे चालवा:

एपीटी-कॉन्फिग डंप | ग्रेप -आय प्रॉक्सी

जे छापून येईल तेच एपीटीच्या कॉन्फिगमधलं शेवटचं म्हणणं. इथे काहीच नसेल तरच तो एन्व्हायर्नमेंटमधला प्रॉक्सी बघतो. एक बारकावा: नो_प्रॉक्सीमध्ये यजमान जुळला तर एपीटी कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी असूनही थेट जातं. म्हणजे डंपमध्ये सगळं बरोबर दिसतंय आणि तरी प्रॉक्सीच्या लॉगमध्ये तुमची रिक्वेस्टच नाही, तर रूटच्या एन्व्हायर्नमेंटमधलं नो_प्रॉक्सी तपासा.

प्रत्यक्ष बोलणं बघायचं तर सुडो एपीटी -ओ डीबग::अक्वायर::एचटीटीपी=ट्रू अपडेट. खूप ओळी येतात, पण कुठल्या यजमानाला काय मागितलं आणि काय उत्तर आलं ते उघड दिसतं.

एनटीएलएमवाला (विंडोजच्या पद्धतीने लॉगिन मागणारा) प्रॉक्सी असेल तर एपीटी त्याच्याशी बोलू शकत नाही, त्याला साधं बेसिक लॉगिनच येतं. मग आपल्याच मशीनवर सीएनटीएलएम नावाचा छोटा प्रॉक्सी बसवून एपीटीला त्याच्याकडे पाठवायचं, किंवा प्रॉक्सीवरच लॉगिनमधून सूट मागायची. मला दुसरं बरं वाटतं, कारण नाहीतर पासवर्ड फाईलमध्ये लिहावा लागतो आणि एपीटीच्या कॉन्फिग फायली मशीनवरचा कुठलाही युजर वाचू शकतो.

डीएनएफ आणि बाकीचे

डीएनएफमध्ये /ईटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फ च्या मेन भागात प्रॉक्सी= ओळ, लॉगिन लागत असेल तर प्रॉक्सी_युजरनेम आणि प्रॉक्सी_पासवर्ड वेगळे, त्यामुळे इथे टक्क्यांची कसरत वाचते. एखाद्या रिपोला (पॅकेजच्या भांडाराला) अपवाद द्यायचा तर त्या रिपोच्या फाईलमध्ये प्रॉक्सी= लिहून पुढे रिकामं सोडायचं. जुन्या लेखांत तिथे _नन_ लिहायला सांगतात, ते अजून चालतं, फक्त _नन_ लिहिल्यावर एन्व्हायर्नमेंटमधला एचटीटीपी_प्रॉक्सी लागू होतो. म्हणजे अपवाद दिला असं वाटतं आणि रिक्वेस्ट दुसऱ्या दारातून परत प्रॉक्सीकडेच.

डीएनएफची खरी डोकेदुखी मिररलिस्ट आणि मेटालिंक, म्हणजे मिररांची यादी देणारे पत्ते. फेडोरा आधी मिरर्स.फेडोराप्रोजेक्ट.ऑर्ग ला विचारतं आणि मग तिथून मिळालेल्या कुठल्यातरी मिररवर जातं, जो आज एक तर उद्या दुसरा. प्रॉक्सीवर फक्त पहिल्याच पत्त्याला परवानगी असेल तर यादी येते आणि पॅकेज येत नाही, किंवा कधी येतं कधी नाही. मेटालिंकची ओळ कॉमेंट करून एका ठरावीक मिररची बेसयूआरएल द्या आणि त्या एकाच पत्त्याची परवानगी मागा.

ओपनसुसेवर /ईटीसी/सिसकॉन्फिग/प्रॉक्सी, त्यात प्रॉक्सी_एनेबल्ड (हे नाव पूर्ण कॅपिटलमध्ये) ला यस करायला विसरू नका. पॅकमन एन्व्हायर्नमेंट बघतं, म्हणजे वरचं सुडोचं प्रकरण तिथे लागू.

स्नॅप वेगळंच प्रकरण आहे. स्नॅप कमांड नुसती निरोप्या, डाउनलोड करतो तो स्नॅपडी नावाचा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम), आणि त्याला तुमचं शेल माहीत नाही. सुडो स्नॅप सेट सिस्टम प्रॉक्सी.एचटीटीपी= आणि तसंच प्रॉक्सी.एचटीटीपीएस=. प्रॉक्सीवर परवानगी मागताना एपीआय.स्नॅपक्राफ्ट.आयओ एवढंच सांगून चालत नाही, खरी फाईल स्नॅपक्राफ्टकंटेंट.कॉम च्या सबडोमेनवरून येते.

नो_प्रॉक्सी लिहिताना

कॉमाने वेगळी केलेली यादी, मध्ये स्पेस नको. याचा कुठलाही पक्का नियम नाही, प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने वाचतो, त्यामुळे सगळ्यांना चालेल असंच लिहायचं. तारा-डॉट-ऑफिस.लॅन असं कर्लमध्ये चालत नाही, एकटा तारा चालतो आणि त्याचा अर्थ सगळंच थेट. सुरुवातीला डॉट दिला तर कर्ल तो सोडून देतो, पण गो भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये डॉट दिला की फक्त सबडोमेन धरले जातात, मूळ नाव नाही. १०.०.०.०/८ असा पट्टा कर्लला ७.८६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून कळतो, त्याआधी नाही, आणि डब्ल्यूगेटला कळत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, हे अक्षरांचं जुळवणं आहे. यादीत मिररचा आयपी लिहिलात आणि सोर्सेसमध्ये नाव असेल तर अपवाद लागणार नाही, नाव शोधून आयपीशी ताडून बघायचे कष्ट कर्ल घेत नाही.

अपवाद लागला तरी दोन गोष्टी अजून हव्यात. नाव आता तुमच्याच डीएनएसने शोधायचंय, तेव्हा गेटएन्ट होस्ट्स आणि पुढे मिररचं नाव देऊन उत्तर येतंय ना बघा. आणि मिरर पुढे दुसऱ्या पत्त्यावर रीडायरेक्ट करत असेल तर तो दुसरा पत्ता अपवादात नसतो, कर्लला कॅपिटल एल देऊन अख्खी साखळी बघून घ्या. सीडीएनवरच्या (अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर पसरलेल्या) मिररसाठी फायरवॉलमध्ये आयपी टाकून थेट रस्ता मागू नका, ते आयपी बदलत राहतात आणि मग कधी चालतं कधी नाही अशा तक्रारी येत राहतात. बाहेरच्या मिररसाठी प्रॉक्सीच बरा, तो नावावरून परवानगी देऊ शकतो.

प्रॉक्सी तुमच्याच हातात असेल तर

स्क्विडच्या मशीनवर टेल -एफ /व्हार/लॉग/स्क्विड/अॅक्सेस.लॉग लावून ठेवा आणि दुसऱ्या मशीनवरून अपडेट चालवा. समजा अशी ओळ आली (सुरुवातीचे वेळेचे आकडे सोडून):

१९२.१६८.१०.४४ टीसीपी_डिनाइड/४०३ ३९१२ कनेक्ट एपीआय.स्नॅपक्राफ्ट.आयओ:४४३ - हायर_नन/- टेक्स्ट/एचटीएमएल

डावीकडून वाचा. कुठल्या मशीनने मागितलं, स्क्विडनेच नाकारलं, ३९१२ बाइटचं एररचं पान परत दिलं, मागणी बोगद्याची होती, कुठे जायचं होतं, त्यानंतरचं डॅश म्हणजे युजर कोणीच नाही, आणि हायर_नन म्हणजे स्क्विड बाहेर कुठे गेलाच नाही. एका ओळीत निकाल. टीसीपी_मिस किंवा टीसीपी_टनेल आणि २०० दिसलं तर प्रॉक्सीने काम केलंय, दोष दुसरीकडे शोधा. आणि काहीच ओळ आली नाही तर रिक्वेस्ट इथपर्यंत आलीच नाही, परत क्लायंटच्या सेटिंगकडे जा. ४०७ मात्र एकदा दिसून लगेच पुढच्या ओळीत २०० असेल तर घाबरू नका, काही क्लायंट आधी नाव न सांगता विचारतात, हटकल्यावर सांगतात.

अपवाद टाकायचा तर स्क्विड.कॉन्फ मध्ये एसीएल (नियमासाठी पत्त्यांचा गट) करा, प्रकार डीएसटीडोमेन, किंमत .डेबियन.ऑर्ग .उबंटू.कॉम. पुढचा डॉट म्हणजे सबडोमेनसकट. मग एचटीटीपी_अॅक्सेस अलाऊ लोकलनेट आणि त्या एसीएलचं नाव. ही ओळ लॉगिन मागणाऱ्या ओळीच्या वर हवी, कारण स्क्विड एचटीटीपी_अॅक्सेसच्या ओळी वरून खाली वाचतो आणि पहिली जुळली की तिथेच थांबतो. खाली टाकलेला अपवाद कधी वाचलाच जात नाही, आणि कॉन्फिग तपासलं तर एररही दाखवत नाही. लोकलनेट काढून नुसतं अलाऊ लिहू नका, ते जगासाठी उघडं होतं.

स्क्विड -के पार्स ने तपासा, स्क्विड -के रीकॉन्फिगर ने लागू करा, सर्व्हिस बंद-चालू करायची गरज नाही.

एपीटी-कॅशर-एनजी असेल तर एचटीटीपीएस रिपोवर '४०३ कनेक्ट डिनाइड' येतो, तो बोगदे आपणहून देत नाही. एसीएनजी.कॉन्फ मध्ये पासथ्रूपॅटर्न लिहून त्या यजमानाला ४४३ साठी सूट द्यायची. ती फाईल मग कॅश होणार नाही, पण येईल तरी.

सर्टिफिकेटची एरर

इश्यूअर माहीत नाही, सर्टिफिकेटवर भरवसा नाही, असं आलं तर प्रॉक्सी बहुतेक एचटीटीपीएस मध्येच उघडून बघतोय. खात्रीसाठी:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -प्रॉक्सी प्रॉक्सी.ऑफिस.लॅन:३१२८ -कनेक्ट डेब.डेबियन.ऑर्ग:४४३

इश्यूअरच्या ओळीत तुमच्याच संस्थेचं किंवा फायरवॉलचं नाव दिसलं तर झालं. उपाय दोन. नेटवर्कवाल्यांकडून त्यांचं रूट सर्टिफिकेट मागा, डेबियन-उबंटूवर /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स/ मध्ये .सीआरटी शेवट असलेल्या नावाने ठेवून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवा, फेडोरा घराण्यात /ईटीसी/पीकेआय/सीए-ट्रस्ट/सोर्स/अँकर्स/ मध्ये ठेवून अपडेट-सीए-ट्रस्ट. किंवा प्रॉक्सीवर त्या पत्त्यांना न उघडता सोडायचा अपवाद, स्क्विडमध्ये त्याला एसएसएल_बंप स्प्लाइस म्हणतात, आणि तो सगळं उघडणाऱ्या बंप ओळीच्या वर टाकायचा. तपासणीच बंद करणारी व्हेरिफाय-पीअर फॉल्सवाली ओळ जिकडेतिकडे सापडते, ती टाकू नका, एकदा टाकली की ती कोणीच काढत नाही.

हॅश सम मिसमॅच आणि इतर किरकोळ

प्रॉक्सीने जुनी यादी कॅशमधून दिली आणि दुसरी फाईल नवी आली की हॅश (फाईल तीच आहे ना ते ताडणारा आकडा) जुळत नाही. सुडो एपीटी -ओ अक्वायर::एचटीटीपी::नो-कॅश=ट्रू अपडेट एकदा चालवा, आणि त्याआधी /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स/ मधलं रिकामं करा, त्या याद्या परत येतात. रिलीज फाईल अजून लागू झालेली नाही असं म्हणत असेल तर घड्याळ बघा, वेळ जुळवणारं एनटीपी एचटीटीपी प्रॉक्सीमधून जात नाही, त्यामुळे अशा नेटवर्कवर घड्याळ हळूहळू मागे पडतं आणि बिल प्रॉक्सीच्या नावावर फाटतं.

सगळं चाललं की शेवटची तपासणी टर्मिनलमधून नाही, टायमरच्या बाजूने करा. सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट एपीटी-डेली.सर्व्हिस आणि मग जर्नलसीटीएल -यू एपीटी-डेली.सर्व्हिस. दिवसाचा कोटा आधीच झाला असेल तर तो नुसता गप्प बाहेर पडतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीची नोंद पण बघा. तिथे परत टाइमआउट दिसला तर तुमची ओळ अजून शेलमध्येच आहे, कॉन्फिगमध्ये गेलेली नाही.